सीलांचा कागद

आमच्या घरात बोलणं कोकणीत आणि पत्रं मराठीत. गोव्यातल्या पुष्कळ घरांत अशीच वाटणी होती, त्यात नवल काही नाही. नवल याचं, की १९७४ साली काही महिने आमच्या घरातून जाणाऱ्या पत्रांवर पोस्टाच्या तिकिटाशेजारी आणखी एक तिकीट चिकटवलेलं असे आणि आजोबा ते चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून हलकेच सोडवून टाकत.

ते टीबीचं सील. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. दोन ऑक्टोबरच्या सुमारास शाळेत गुरुजी सीलांचे कागद वाटत. एकेक सील दहा पैशांचं होतं असं आठवतं. ते घरोघर खपवून पैसे आणून द्यायचे. मी पाचवीत होतो. तीन घरी ‘मागीर यो’ ऐकून परत आलो तेव्हा मागच्या खोलीतून आत्यानं विचारलं, "कितलीं उरल्यांत?" सगळीच उरली होती. "सगळीं म्हाका दी," ती म्हणाली आणि पोलक्यातून रुमालाची गाठ काढली.

आत्या तेव्हा सव्वीस वर्षांची. तिला खोकला होता, रात्री धाप लागायची. म्हणून तिचा पेला वेगळा, ताट वेगळं, खोली वेगळी. घरात ‘क्षय’ हा शब्द कोणी उच्चारत नसे, पण पेला तो शब्द रोज उच्चारत होता. एक्स-रे काढून झाला होता, फुप्फुसं स्वच्छ आहेत असा कागदही आला होता. आजोबांनी तो कपाटात नीट ठेवला. पण दोन स्थळं खोकल्याचा आवाज ऐकून परत गेली, आणि एक्स-रे घेऊन कोण कोणाच्या दारात जाणार? अशा घरातल्या पत्रावर क्षयाचं सील! "लोक कितें म्हणटले?" आजोबांचा प्रश्न त्यांच्या परीनं बरोबरच होता. पत्रं पेटीत टाकायला मलाच पाठवत, म्हणून मला हे ठाऊक. आत्याला मी कधी सांगितलं नाही.

आता कळतं ते वेगळंच. तिला दमा होता. दुसऱ्यांना लागू नये म्हणून जिथं तिला ठेवली ती खोली न्हाणीघराला लागून होती. सकाळ-संध्याकाळ पाणी तापवायच्या चुलीचा धूर, पावसाळाभर ओल धरणारी भिंत, बुरशी, कोपऱ्यात नारळाच्या सोडणांची रास, आणि वर्षानुवर्षं न पिंजलेली कापसाची गादी. दमेकऱ्याला छळायला मुद्दाम खोली सजवायची म्हटली तर याहून वेगळं काय करणार? अंथरुणातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात आणि त्यांच्यामुळे दमा उठतो, हे हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी साठच्या दशकातच दाखवलं होतं. आमच्या न्हाणीपर्यंत ते पोचलं नव्हतं. शेजारीण सांगायची म्हणून धोतऱ्याच्या पानांचा धूर मात्र आम्ही तिला देत होतो.

१९९४ साली एका डॉक्टरनं तिला नळीत जोरात फुंकायला लावलं, पंपाचे दोन झोत दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. दुसरा आकडा चांगलाच वर गेला. वीस वर्षांचा निवाडा अर्ध्या तासात झाला. आत्या तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. असो.

त्या सीलाची कुळकथा मी पुष्कळ उशिरा वाचली. डेन्मार्कमध्ये आयनार होल्ब्योल नावाचा एक पोस्टातला माणूस. नाताळात शुभेच्छापत्रांचे ढीग हाताळताना त्याच्या मनात आलं, की प्रत्येक पाकिटावर एक जादा तिकीट लोकांनी विकत घेतलं तर क्षयाच्या पोरांसाठी इस्पितळ उभं राहील. १९०४ साली राणी लुईझेचं चित्र असलेलं पहिलं सील निघालं आणि चाळीस लाखांवर खपलं. १९०७ साली अमेरिकेत डेलावेअरमधल्या एमिली बिसेल या बाईंनी तीच युक्ती केली. एका छोट्या क्षयरुग्णालयासाठी त्यांना तीनशे डॉलर हवे होते. एकेका सेंटाला सील विकून दहापट जमले. आपल्याकडे टीबी असोसिएशन १९३९ची, सीलांची मोहीम १९५०पासूनची.

मला त्यातली खुबी वाटते ती अशी, की सील घेणाऱ्याचं नाव कुठंच लागत नाही. आपल्याकडे दान पुष्कळ होतं, गोव्यात तर विचारूच नका. देवळाची फरशी, सभामंडपाचा पंखा, अगदी पंख्याच्या पात्यावरसुद्धा ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं मी वाचलंय. अन्नदानाला पैसे लगेच निघतात, कारण जेवणारा समोर दिसतो. रोग्याला औषध घेऊन देणाराही भेटतो. पण ‘हा रोग का होतो ते शोधायला पैसे द्या’ म्हणून कोणी आला तर? पाटी कशावर लावणार? दहा वर्षं शोधून ‘हे औषध लागू पडत नाही’ असं उत्तर आलं, तर ते कोणाच्या स्मरणार्थ?

आणि असं उत्तर येतं. अमेरिकेतल्या ज्या संघटनेनं ही सीलं वर्षानुवर्षं विकली, तिनं क्षय ओसरल्यावर दुकान बंद केलं नाही. १९७३ साली नाव बदलून ती अमेरिकन लंग असोसिएशन झाली आणि दम्याकडेही वळली. तिच्या संशोधन-केंद्रांनी दोन हजारांवर दमेकऱ्यांना फ्लूची लस देऊन पाहिलं आणि लशीनं दमा बळावत नाही हे २००१ साली सांगितलं. २००९ साली दुसरा निष्कर्ष आला. दमा आटोक्यात नाही पण छातीत जळजळ वगैरे काही नाही, अशा चारशेबारा रुग्णांवर अॅसिडिटीचं औषध वापरून पाहिलं होतं. दम्यावर काडीचाही फरक पडला नाही. त्यात सरकारी निधीही होता, पण लोकांच्या देणग्याही होत्या. औषध विकणाऱ्याला असलं उत्तर शोधायची घाई कशाला असेल? हे वाचून मला हसू आलं आणि थोडा रागही. आत्यानं पित्ताची एक तक्रार नसताना त्याच जातीच्या गोळ्या ‘दम्यासाठी’ सहा वर्षं गिळल्या होत्या.

माझा भाचा लेस्टरला असतो. त्यालाही दमा, आमच्या घराण्याची ती इस्टेटच. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, की मी दहा किलोमीटर पळणार आहे, तुम्ही पैसे द्या. आत्या बाजूलाच होती. "पळटलो तो, आनी पयशे आमी कित्याक दिवचे?" तिचा प्रश्न मला पटला होता. मग त्यानं समजावलं. तिकडे १९२७ साली अस्थमा रिसर्च कौन्सिल म्हणून एक संस्था निघाली, दम्यावरच्या संशोधनासाठी लोकांकडून पैसे गोळा करणारी. नावं बदलत, दुसऱ्या संस्थांत मिसळत २०२२पासून ती अस्थमा प्लस लंग यूके झाली. तिच्यासाठी लोक पळतात, सायकली मारतात, केक भाजून विकतात, आणि ओळखीपाळखीचे पैसे देतात.

"म्हणजे सीलांचा कागदच की रे," आत्या मला म्हणाली. पन्नास वर्षांत तिनं सीलांचा विषय पहिल्यांदा काढला. मग जरा थांबून, "बाबा काढून टाकायचे ती. मला माहीत होतं. म्हणून तर आणखी लावायची."

मी काय बोलणार? तिनं पाचशेची नोट काढली. हल्ली गाठीच्या रुमालाऐवजी प्लास्टिकची पिशवी असते, त्यात पंपही असतो. भाचा फोनवर विचारत होता, देणगीदार म्हणून आजीचं नाव घालू की ‘एक हितचिंतक’ लिहू? पुष्कळ लोक तसं लिहितात म्हणे.

"पुराय नांव बरय," ती म्हणाली. "आनी दमो आसा म्हणून बरय."

पाचशे रुपयांचे पाच पौंडही भरत नाहीत. उरलेले भाच्यानं घातले. तिला सांगितलं नाही.