हातभार

सहकार्याचें महत्त्व सांगणारा एखादा लेख समोर आला म्हणजे आम्ही पूर्वीं तो अर्ध्यावरच बाजूस ठेवीत असूं. काटक्यांच्या मोळीची गोष्ट ज्यानें लहानपणीं ऐकिली नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत सांपडावयाचा नाहीं, आणि ज्यानें ती ऐकिली आहे त्यास ती पुन्हा ऐकवून उपयोग नाहीं, असा आमचा दृढ समज होता. हा समज एका निरक्षर वृद्धेनें कसा दूर केला तें आज सांगण्याचें योजिलें आहे. हकीकत आमच्या फजितीची आहे. परंतु फजिती शहाणपण देऊन गेली असेल तर ती लपवून ठेवण्यांत स्वार्थच अधिक, असें आम्हांस वाटतें.

आमचें बालपण शिरुरास गेलें. त्या गांवास आसपासचे लोक नदीवरून घोडनदीच म्हणतात. इंग्रजी अमदानींत तेथें लष्कराची छावणी होती, तसेंच अमेरिकन मराठी मिशनचें एक ठाणेंही होतें. या मिशनचीं माणसें १८१३ सालीं मुंबईस आलीं, १८३१ सालीं त्यांनीं नगरास काम सुरू केलें, आणि पुणें-नगर रस्त्यावरील शिरूर त्यांच्या वाटेवरच होतें. आमचीं उमेदीचीं वर्षें मात्र दौंडास गेलीं. दौंड हें रेल्वेचें गांव. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग तेथून १८७८ सालीं सुरू झाला, आणि तेव्हांपासून नाना प्रांतांचीं माणसें बदलीच्या हुकुमाबरोबर तेथें येत-जात राहिलीं.

या दोन गांवांच्या मुलखांतील ज्या लहानशा ख्रिस्ती मंडळीशीं आमचा अनेक वर्षें संबंध आला, तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तींत दोन्हींकडची माणसें होतीं. शेतकरी आणि शाळामास्तर हे सूर्य पाहून निघणारे. रेल्वेचीं माणसें घड्याळ पाहून निघणारीं. उपासना किती वाजतां सुरू व्हावी यावर जितका वाद त्या मंडळींत होई तितका धर्मतत्त्वांवर कधीं झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. पेटी कोणीं वाजवावी, उपकारस्तुतीच्या सणास आलेल्या कोंबड्यांचा आणि बाजरीचा लिलाव कोणीं पुकारावा, हे प्रश्नही वर्षानुवर्षें धुमसत असत.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही या मंडळीचे चिटणीस होतों. उपासनामंदिराचे पत्रे गंजून गेले होते, आणि पावसाळ्यांत बायका मुलांस मांडीवर घेऊन कोरडी जागा शोधीत बसत. छपराचा विषय तीन सभांत निघाला आणि तिन्ही वेळां भांडणांत बुडाला. पत्रे घालावे कीं कौलें. वर्गणी घरटी घ्यावी कीं मिळकतीप्रमाणें. देणाऱ्यांचीं नांवें दगडावर कोरावीं कीं नाहीं. तिसऱ्या सभेनंतर आमचा धीर सुटला. आम्हीं मनाशीं ठरविलें कीं हें काम आपणच पार पाडावयाचें. पुण्यामुंबईच्या चार सधन स्नेह्यांस पत्रें लिहिलीं, कमी पडली ती रक्कम पदरची घातली, गवंडी आणि सुतार बाहेरून आणिले, आणि मृगापूर्वीं छप्पर पुरें झालें. कोणास एक पैसा मागितला नाहीं, कोणास एक टोपली उचलावयास लाविली नाहीं. आपण मंडळीवर केवढे उपकार केले या विचारानें आम्हांस त्या दिवसांत फार गाढ झोंप येत असे.

काम चालू असतां एके दिवशीं मंदिर झाडणारी मावशी आली. मंडळींतील लहानथोर सर्व तिला मावशीच म्हणत. तिनें पदराची गांठ सोडून चुरगळलेल्या नोटा आमच्या हातावर ठेविल्या. दोनशें रुपये होते. शेळीचें करडूं विकून आलेले ते पैसे होते, हें मागाहून कळलें. आम्हीं ते तिच्या हातांत परत दिले, आणि मोठ्या मायेनें म्हटलें, “मावशी, पैशांची सोय झाली आहे. हे तुमच्या औषधपाण्याला ठेवा.” ती कांहीं बोलली नाहीं. नोटा पुन्हा पदरांत बांधून निघून गेली. आम्हांस वाटलें, म्हातारीस आनंदच झाला असेल.

पहिला पाऊस आला. एक थेंबही आंत गळला नाहीं; परंतु कोरड्या जमिनीवर बसावयास माणसें मात्र पूर्वींपेक्षां कमी दिसूं लागलीं. भांडणें थांबलीं होतीं हें खरें, पण ती शांतता ओसाड वाड्यासारखी होती. भजनास तबलेवाला येईना. मंदिर झाडण्याच्या कामांतही हयगय दिसली, तेव्हां आम्ही मावशीकडे गेलों. ती म्हणाली, “लेकरा, छप्पर लई चांगलं झालं. पर ते तुमचं झालं. गळत हुतं तवा आमचं हुतं.”

त्या वाक्यानें प्रथम आम्हांस राग आला. लोकांस फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते, अशी मनाची समजूत घालून आम्ही घरीं परतलों. परंतु तें वाक्य कांट्यासारखें रुतून बसलें.

पुढें थोड्याच महिन्यांनीं कांहीं कामानिमित्त आमचें केडगांवास जाणें झालें. शिरुराहून न्हावऱ्यावरून निघालें कीं भीमा ओलांडून दौंड तालुक्यांत शिरावें लागतें, आणि चौफुल्यापासून केडगांव जवळच आहे. तेथील मुक्ति सदनाचें नांव वाचकांस सांगावयास नको. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन काढिलें, पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें, आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली व स्त्रिया आणिल्यावर केडगांवच्या माळावर हा संसार उभा राहिला. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी आल्या, आणि दीड हजारांवर माणसें त्या आवारांत राहूं लागलीं. हा इतिहास आम्हांस पाठ होता. रमाबाईंस आम्ही तोंवर एकटीनें डोंगर उचलणारी स्त्री म्हणूनच ओळखीत होतों, आणि खरें सांगावयाचें तर छपराच्या बाबतींत आम्हीं तिचाच कित्ता गिरविला अशी आमची गुप्त समजूत होती.

त्या आवारांत हिंडतां हिंडतां ही समजूत गळून पडली. दुष्काळांतून आलेल्या त्या मुलींस रमाबाईंनीं केवळ पोसलें असतें तर तें एक मोठें अन्नछत्र झालें असतें. परंतु त्यांनीं प्रत्येकीच्या हातांत काम दिलें. कोणी मागावर बसली, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी गोठ्यांत, कोणी मळ्यांत, कोणी छापखान्यांत. अंध स्त्रियांकरितां बार्तिमी सदन झालें, आणि ज्यांस जग निरुपयोगी म्हणे त्याही शिकूं लागल्या, उद्योग करूं लागल्या. जिला काल दुसऱ्यानें उचलून आणिलें तीच आज दुसरीस उठवी. रमाबाईंजवळ ज्ञान होतें, वाणी होती, परदेशांत स्नेही होते. त्या म्हणूं शकल्या असत्या कीं, तुम्ही बसा, मी करितें. तसें त्या म्हणाल्या नाहींत, यांतच त्यांचें खरें मोठेपण आहे.

त्यांच्या बायबलाच्या भाषांतराची गोष्ट तर या दृष्टीनें फारच मननीय आहे. साध्या बाईमाणसास कळेल अशा मराठींत तें व्हावें म्हणून त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. भाषांतर त्यांचें, पण खिळे जुळविणें आणि छापणें हीं कामें मुक्तींतील स्त्रियांनीं केलीं. १९२१ सालीं त्यांची कन्या मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई स्वतः निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ सालीं. जिनें काम आरंभिलें ती नाहीं, आणि काम मात्र पुरें झालें! हें कां घडूं शकलें? तें काम एकटीचें राहिलेंच नव्हतें, म्हणून. आम्हीं क्षणभर मनाशीं विचार केला कीं, उद्यां आपण नसलों तर आपल्या छपराचा एक पत्रा उडाल्यास तो बसवावयास कोण धांवेल? उत्तर फार अवघड नव्हतें.

परततांना आमच्या लक्षांत आलें कीं ही गोष्ट शिकण्यास केडगांवापर्यंत जाण्याचेंही कारण नव्हतें. आमच्या मुलखांत एखाद्याचें शेत मागें पडलें तर इर्जिक घालतात. शेजारी आपआपले बैल घेऊन येतात, दिवसभर राबतात, आणि त्या घरचें जेवून जातात. त्या दिवशीं जेवूं घालणारा शेतकरी कोणाचा मिंधा नसतो. उद्यां त्याचेही बैल दुसऱ्याच्या शेतांत जावयाचे असतात. देणें आणि घेणें हे दोन्ही हात ज्यास मोकळे आहेत त्याचीच मान ताठ राहते. आम्हीं मावशीचा देणारा हात बांधून टाकिला होता, आणि त्यास दया असें नांव दिलें होतें. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत मंडळीस देहाची उपमा दिली आहे, आणि दुबळे दिसणारे अवयवच अधिक आवश्यक असतात असा तिचा आशय आहे. त्या अध्यायावर आम्हीं शब्बाथशाळेंत कितीतरी वेळां धडे दिले होते!

यावर कोणी म्हणेल कीं, सर्वांस विचारीत बसलें तर कोणतेंच काम वेळेवर होत नाहीं. हें खोटें नाहीं. १९२९ पासून चाललेलीं बोलणीं १९७० च्या २९ नोव्हेंबरास नागपुरांत फळास आलीं, तेव्हां सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वांत आलें. एकत्र येण्यास चाळीस वर्षें लागलीं! एकटा मनुष्य झपाट्यानें चालतो यांत संशय नाहीं. परंतु मंडळीचें काम म्हणजे इमारतीचें कंत्राट नव्हे. छप्पर हें निमित्त. त्या निमित्तानें घड्याळवाल्यास सूर्यवाल्याचें ऐकून घ्यावें लागतें, सावकारास मजुराच्या शेजारीं टोपली उचलावी लागते, आणि हेंच तेथील मुख्य काम आहे. तें टाळून छप्पर तेवढें उरकणें म्हणजे पंगत उठवून पत्रावळी जपून ठेवण्यासारखें आहे.

पुढच्या वर्षीं आवाराच्या भिंतीचा प्रश्न निघाला. प्रथम आम्ही मावशीकडे गेलों, झाल्या गोष्टीची क्षमा मागितली, आणि ते दोनशें रुपये अजून असतील तर भिंतीसाठीं द्याल का, असें विचारिलें. तिनें आम्हांकडे बराच वेळ पाहिलें. “दीडशें ऱ्हायलेत,” ती म्हणाली, आणि आंत जाऊन घेऊन आली. सभा चार झाल्या, आणि भांडणें छपराच्या वेळेपेक्षां जोराचीं झालीं. रेल्वेच्या माणसांनीं सुटीच्या दिवशीं पाया खणला, शेतकऱ्यांनीं बैलगाडीनें दगड आणिले, मुलांनीं पाणी मारिलें. भिंतीस आठ महिने लागले, आणि पूर्वेच्या अंगास ती चांगली वीतभर वांकडी झाली.

मावशीस जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. आम्ही अधूनमधून तिकडे जातों. आम्हीं घातलेलें छप्पर मध्यंतरीं बदललें. कोणीं, केव्हां बदललें, तें आम्हांस कळविण्याची कोणास गरज वाटली नाहीं, आणि त्याचें आम्हांस समाधानच वाटलें. भिंत मात्र तशीच उभी आहे. वांकडा भाग दाखवून तेथील म्हातारे नातवंडांस सांगतात कीं, हा दगड आम्ही लाविला, तो चुकला तो अमक्याचा. त्या वादांत आमचेंही नांव केव्हां केव्हां निघतें. कारण पूर्वेकडील तो ओळंबा त्या दिवशीं आमच्याच हातांत होता.