प्रागचे दोन दिवस

पुढच्या महिन्यात लेकीकडे जर्मनीला चाललेय. तिथून दोन दिवस प्राग. "आई, सगळं पायीच होतं गं!" होत असेल बाई, पण गुडघे ७६ वर्षांचे आहेत. म्हणून काल नकाशा पसरून बसले.

१३५७ साली पायाभरणी झालेला चार्ल्स पूल भल्या पहाटे, गर्दीच्या आधी. मग जुन्या चौकातलं १४१० सालचं घड्याळ. किल्ल्यावर चढताना ट्राम, उतरताना पायी.

लेकीच्या यादीत वेन्सेस्लास चौक नव्हता. "तिथे नुसती दुकानं आहेत." तो मी घातला. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्याची बातमी आम्ही रेडिओवर ऐकली, तेव्हा मी कॉलेजात होते. जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने निषेध म्हणून याच चौकात स्वतःला पेटवून घेतलं. वय वीस, माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. पुढे इतिहासाच्या तासाला मी हे सगळं दोन वाक्यांत उरकत आले.

संग्रहालयासमोर फरसबंदीत त्याच्या स्मरणार्थ क्रूस आहे. बाकी काही राहिलं तरी चालेल, तिथे थोडा वेळ उभी राहणार आहे.

आता सांगा, दगडी रस्त्यांवर कुठले बूट बरे?