बाबांचा हेडफोन

धारला आमचे बाबा रोज मोबाइलवर कुमार गंधर्व ऐकतात. हल्ली म्हणायचे, "तानपुरा ऐकूच येत नाही रे." म्हणून दिवाळीला जाताना दोन हजारांच्या आतले, कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन नेले.

पहिला दिसायला झकास, काळा-सोनेरी. पण खर्ज इतका वाढवलेला की नुसता डग्गाच घुमे. शिवाय चष्म्याच्या काड्या रुतू लागल्या. खोक्यावर 40,000 हर्ट्झ छापलेले. माणसाला साधारण 20,000 च्या वर ऐकू येत नाही, वय वाढले की त्याहून कमी!

दुसरा साधा, राखाडी, वायरचा. गादी मऊ, पकड हलकी. बाबांनी डोळे मिटले. कुमारजी 1948 साली क्षयाने आजारी असताना देवासला आले आणि पुढे जवळजवळ एकाच फुफ्फुसावर गायले. दोन ओळींमधला त्यांचा श्वाससुद्धा बाबांना ऐकू आला. मग म्हणाले, "पण डावीकडे आवाज कमी आहे."

रेकॉर्डिंग जुने, मोनो. दोन्ही बाजूंना सारखेच यायला हवे. मी हेडफोन उलटा घातला. तरी डाव्या कानालाच कमी! म्हणजे दोष हेडफोनचा नव्हता.

भाऊबीज झाल्यावर इंदूरला कानाच्या डॉक्टरांना दाखवले. डाव्या कानाला श्रवणयंत्र लागणार आहे. राखाडी हेडफोन बाबांनी ठेवून घेतला, आवाज मात्र निम्म्यावरच. तुमच्या घरीही टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, तर ही उलटापालट एकदा करून बघा.