मुठीतला ढोल
गायकांना पियानोची साथ करणाऱ्या माझ्यासारख्याला अमेरिकन आर्ट साँगचं, म्हणजे पियानोसह मैफिलीत गायच्या कवितेच्या गाण्याचं, अमेरिकनपण चालीपेक्षा डाव्या हातात जास्त सापडतं.

सुरुवात जर्मन होती. अमेरिकन संगीतकार चार्ल्स ग्रिफ्स बर्लिनला शिकला आणि 1909 मध्ये त्याची गाणी छापली गेली, तीही जर्मन कवितांवरची. सुरेख आहेत, शूबर्ट-ब्राम्स वाजवलेल्या बोटांना त्यात काही नवं करावं लागत नाही, इतकंच. त्याआधी, 1892 मध्ये, चेक संगीतकार द्वोर्झाक न्यूयॉर्कला शिकवायला आला होता. या देशाचं संगीत काळ्या लोकांच्या गाण्यांवर उभं राहील, असं तो म्हणाला. ती गाणी त्याला ऐकवणारा विद्यार्थी हॅरी बर्ली. गुलामीतून सुटलेल्या आजोबांकडून ती त्याच्याकडे आलेली. पुढे बर्लीनं ‘डीप रिव्हर’ मैफिलीसाठी बांधलं, तेव्हा चालीखाली युरोपीय स्वरमेळ घातले. काहींना ती भेसळ वाटते. मला नाही वाटत. समूहाचं गाणं एकट्या गळ्याला द्यायचं तर उरलेल्यांची जागा कुणीतरी भरायलाच हवी.

हात खरा अडतो तो चार्ल्स आइव्ह्जपाशी. डॅनबरीच्या बँडमास्तराचा हा मुलगा लहानपणी ढोलाचा सराव पियानोवरच करायचा. मोठेपणी धंदा विम्याचा. 1922 मध्ये त्यानं पदरमोड करून ‘114 साँग्ज’ छापलं. ‘जनरल विल्यम बूथ एंटर्स इंटू हेवन’ या त्याच्या वेगळ्या गाण्यात साल्व्हेशन आर्मीचा संस्थापक ढोल वाजवत स्वर्गात शिरतो. खर्जातले ते कर्कश स्वरगुच्छ स्वरमेळ समजून वाजवले की गाणं संपलंच. तो ढोल आहे, थाप हवी. गोल, मऊ नाद काढायला घोटवलेला हात इथे नडतो, आणि पेडल जरा जास्त रेंगाळलं की मिरवणुकीचा चिखल होतो. मधूनमधून एका चर्चगीताचे तुकडे डोकावतात. चाल सलग उमटते ती शेवटाकडे. तुकड्यांपाशीच भक्तिभाव ओतणारा साथीदार शेवटासाठी काही शिल्लक ठेवत नाही.

अमेरिकन संगीतकार आरन कोपलंडनं 1950 मध्ये एमिली डिकिन्सनच्या 12 कविता गाण्यांत बांधल्या, त्यात ना ढोल ना लोकगीत. दोन्ही हात लांब लांब, मधली पट्टी बऱ्याचदा रिकामी, आवाजाला मोठमोठ्या उड्या. त्याच्या संगीतात माळरानं ऐकू येतात असं सर्रास म्हणतात. डिकिन्सन तर बहुतेक आयुष्य अ‍ॅमहर्स्टला घरातच राहिली. तालमीत गायिका खाली आधार शोधते आणि तो तिथे नसतो. मग पियानो सोडून आम्ही कविता नुसती मोठ्यानं वाचतो. इंग्रजी वाक्य जिथे अडखळतं, त्याच्या आसपासच बहुतेक उड्या निघतात.