खोटें गवत आणि खरी जमीन

पवित्र शास्त्रांत मनुष्याच्या आयुष्यास गवताची उपमा दिलेली आहे. गवत कोमेजतें, म्हणूनच ती उपमा आम्हांस समजते. परंतु न वाढणारें, न वाळणारें व पाणी न मागणारें गवत मनुष्यानेंच तयार केलें, तर त्याविषयीं काय म्हणावें? हा प्रश्न पुष्कळांस थट्टेचा वाटेल. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत कॅलिफोर्नियांतील सॅन होजे शहरीं वडील भगिनीकडे राहिलों असतां मात्र आम्हांस त्याचा गंभीरपणें विचार करावा लागला.

आमचे दाजी गोल्फचे मोठे शौकीन. दर शनिवारीं मैदानावर जावयाचें, हा त्यांचा परिपाठ. दोन वर्षांपूर्वीं त्यांस पक्षाघाताचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण डावा पाय ओढीत चालण्याची पाळी आली, आणि मैदान सुटलें तसें त्यांचें हंसणेंहि सुटलें. या खेळांत चेंडू दूर टोलविण्यास बळ लागतें. परंतु गोट्यांच्या खेळांत जशी गल असते, तशा सव्वाचार इंच रुंदीच्या भोंकांत तो हलकेच घरंगळवीत नेण्यास बळापेक्षां नजर व धीर हींच अधिक लागतात. तेव्हां एवढ्याच खेळापुरती हिरवळ परसांत करावी, असें ठरलें. चालण्यास निमित्त मिळेल, म्हणून डॉक्टरांनींहि संमति दिली.

खरें गवत कां नको? अशा हिरवळीचें गवत सुमारें एक अष्टमांश इंच इतकें आंखूड राखावें लागतें. त्याची निगा घरच्या माणसांच्या आवांक्याबाहेरची. शिवाय पाण्याचा प्रश्न. १ एप्रिल २०१५ रोजीं अवर्षणामुळें त्या राज्याच्या गव्हर्नरांनीं शहरांतील पाण्याचा वापर शेंकडा २५ नें कमी करण्याचा हुकूम काढला होता. त्याच वर्षीं कृत्रिम गवतास अनुकूल असा कायदा झाला. पण २०२३ सालीं दुसरा कायदा होऊन त्यावर बंदी घालण्याची मुभा शहरांस पुन्हां मिळाली. म्हणजे वाद मिटलेला नाहीं. आमच्या ताईंनींहि तो घरांत मांडलाच. "जिवंत मातीवर प्लास्टिकचें पांघरूण घालावयाचें? त्यांत ना गांडूळ, ना पांखराला किडा, आणि दुपारीं तापेल तें निराळेंच," असें त्या म्हणाल्या. त्यांचें म्हणणें खरें होतें. शेवटीं तडजोड झाली: हिरवळ २० फूट लांब व १२ फूट रुंद, एवढीच, लिंबाच्या झाडाभोंवतालची माती मोकळी राहावयाची.

या गवताचा जन्महि विद्यार्थ्यांनीं ऐकण्यासारखा आहे. तें प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरलें गेलें तें एका शाळेंत. ऱ्होड आयलंड संस्थानांतील प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन शाळेंत, १९६४ सालीं. पुढें १९६५ सालीं ह्यूस्टन येथें छपराखालचें प्रचंड क्रीडागृह उघडलें. तेथें आपल्या हरळीच्या जातीचें खरें गवत होतें. छपराच्या तावदानांतून येणाऱ्या झगमगाटानें खेळाडूंस उंच गेलेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानें रंगविलीं. तेव्हां ऊन अडलें व गवत मेलें. १९६६ सालीं तेथें नायलॉनचें गवत आलें, आणि 'ॲस्ट्रोटर्फ' हें नांव सर्वत्र झालें.

आमचें काम सुरू झालें तें खणण्यानें. चार इंच खोल माती काढावयाची, म्हणजे ८० घनफूट. विद्यार्थ्यांनीं हिशेब ताडून पाहावा. निघालेलीं गांडुळें भाच्यानें लिंबाच्या बुंध्याशीं नेऊन सोडलीं. मग खडीचे थर घालावयाचे, प्रत्येक थर भिजवून यंत्रानें धुमसावयाचा, त्यावर दगडाची बारीक भुकटी पसरावयाची, आणि पाणी वाहून जावें म्हणून दर १०० इंचांस एक इंच उतार ठेवावयाचा. दुसऱ्या दिवशीं दुपारीं भाचा कंटाळला. "मामा, वर गवत अंथरलें कीं खालचें कोणाला दिसणार?" असें तो म्हणाला.

आम्हीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. त्या उघड्या भुकटीवर एक चेंडू सोडला. तो सरळ जातां जातां मध्येंच डावीकडे वळला. तेथें बोटभर खळगा होता. तो भरला. मग दाजी स्वतः काठी टेकीत त्या जागेवरून चालूं लागले. जेथें त्यांचा पाय अडे, तेथें आम्ही पुन्हां धुमसूं लागलों. त्यांचा ओढता पाय हीच आमची पाणसळ झाली. भाचा त्यानंतर घाई करावयाचें विसरला. वर आलेला एक सांधा म्हणजे चेंडूस नुसतें वळण, पण वडिलांस ठेंच, हें त्यास सांगावें लागलें नाहीं.

खऱ्या गवताची मुळें ओबडधोबड जमिनीसहि संभाळून घेतात. खोट्या गवतास मुळें नाहींत. म्हणून त्याच्या खालची जमीन अधिक खरी असावी लागते. नंतर गवत उलगडणें, कडा कापणें, खिळे ठोकणें व तंतूंमध्यें वाळू झाडून बसविणें, हें सारें एका दिवसांत आटोपलें.

ऊन तापण्यापूर्वीं, सकाळींच, दाजी खेळूं लागले. पहिल्या दिवशीं एकहि चेंडू गलींत गेला नाहीं. परंतु प्रत्येक चेंडू आणण्यास ते स्वतः गेले. ताई लिंबाखालीं उभ्या राहून पाहत होत्या. प्लास्टिकविषयींचें त्यांचें मत बदललें नव्हतें, व तें बदलावें असें आम्हांसहि वाटलें नाहीं. मात्र सातव्या चेंडूच्या वेळीं दाजी काठी झाडाशीं टेकवून गेले, आणि ती परत मागण्याचें त्यांस बराच वेळ सुचलें नाहीं.