आमची दादा

‘दादा’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? मोठा भाऊ, नाहीतर चौकात बुलेट लावून उभा असलेला कुणीतरी. आमच्या लेडीज होस्टेलमध्ये मात्र ‘दादा आली का गं?’ असं विचारलं की सगळ्यांना एकच मुलगी आठवते. उंच, बारीक वेण्यांची आणि हातात कायम बादली असलेली. ती टांझानियाची. स्वाहिली भाषेत ‘दादा’ म्हणजे बहीण! माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला दादा म्हणायला लागले आणि मग सगळं होस्टेलच म्हणायला लागलं.

हे नातेवाइकांचं प्रकरण पहिल्या आठवड्यात फार गाजलं. स्वाहिलीत ‘बाबा’ म्हणजे बाबाच. पण ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘मामा’ म्हणजे आई! वडीलधाऱ्या बाईला तिकडे आदराने ‘मामा’ म्हणतात. त्यामुळे ती रेक्टर मॅडमना नम्रपणे ‘मामा’ अशी हाक मारायची आणि गेटवरून आमचे वॉचमनमामा ‘काय पायजे?’ म्हणत धावत यायचे.

आता थोडं माझ्याबद्दल. मी ठाण्याची, पूर्ण कॉन्व्हेंट. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड होता, त्यामुळे माझं मराठी जेमतेम आजीशी बोलण्यापुरतं. (हा लेख माझ्या दोन मैत्रिणींनी तपासलाय. तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर माफ करा!) २०२३ साली कॅप राउंडमध्ये सोलापूर लागलं तेव्हा मी चक्क रडले होते. ऊन, पाण्याची बोंब आणि ‘काय करलालाव बे?’ असं बोलणारी माणसं... मला वाटलं, आपण परदेशातच चाललोय.

आणि रूम पार्टनर मिळाली ती खरोखरची परदेशी! मॅडम म्हणाल्या, ‘तुझं इंग्लिश चांगलं आहे, तू तिला सांभाळून घे.’ कोण कुणाला सांभाळणार होतं ते पुढे कळलंच.

परदेशी माणसाला इथे राहायला काय काय लागतं याची मला काहीच कल्पना नव्हती. आपण बॅग भरतो आणि येतो. तिला मात्र १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असल्यामुळे आल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी करायची होती. अर्ज ऑनलाइन असतो, पण त्याला पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कॉलेजचं बोनाफाइड, राहण्याचा पुरावा असं सगळं जोडावं लागतं. सिमकार्डाला पासपोर्ट. बँकेत साधं बचत खातं नाही, परदेशी विद्यार्थ्यांसाठी एनआरओ नावाचं वेगळं खातं. खातं नाही तोपर्यंत यूपीआय नाही. आणि यूपीआय नाही म्हणजे टपरीवर चहा घेतला की ‘सुट्टे नाहीत का?’ पहिले दोन महिने दादाच्या चहाचे पैसे माझ्या फोनवरून जायचे. ती वहीत लिहून ठेवायची आणि महिन्याच्या शेवटी ‘हेसाबू’ करायची. हेसाबू म्हणजे हिशेब!

असे शब्द सापडायला लागले की आम्हाला वेडच लागायचं. साबण म्हणजे ‘साबुनी’, गाडी म्हणजे ‘गारी’, दुकान म्हणजे ‘दुका’, विमा म्हणजे ‘बिमा’, पैसा म्हणजे ‘पेसा’, चपाती म्हणजे चपातीच. आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि आपला पश्चिम किनारा यांच्यामध्ये शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती. त्यांतून माल गेला, माणसं गेली आणि शब्दही गेले. काही अरबस्तानातून दोन्हीकडे पोचले, काही इथूनच तिकडे गेले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत वाचलं होतं. साबुनी-साबण झाल्यावर खरं वाटलं.

फजिती मात्र आकड्यांनी केली. नोंदणीच्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या आणि दुकानदार म्हणाला, ‘एकोणसत्तर झाले.’ दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. त्याने दोघींकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला. त्या दिवशी त्या काउंटरवर दोन परदेशी उभ्या होत्या! दादाने त्याच रात्री एक ते शंभर आकडे लिहून काढले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘एकोण म्हणजे एक कमी. सोपं आहे की.’ अठरा वर्षं महाराष्ट्रात राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वेळेचीही गंमत. स्वाहिलीत दिवस सकाळी सहापासून मोजतात. आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो. दादाने स्वतःसाठी दारामागे चिठ्ठी लावली होती, ‘माजी : १’. माजी म्हणजे पाणी. मी ती वाचून दुपारी एक वाजता बादल्या घेऊन नळावर गेले आणि कोरड्या नळाकडे बघत बसले. पाणी सकाळी सातलाच येऊन गेलं होतं! पुढे देवनागरी वाचायला लागल्यावर कॉलेजच्या गेटवरचा ‘माजी विद्यार्थी मेळावा’ हा बोर्ड बघून ती इतकी हसली की विचारू नका.

पाण्यावरून आठवलं. मला वाटायचं, सोलापूरचं ऊन आणि पाणी हिला सोसणार नाही. पण दादा डोडोमाची. टांझानियाची राजधानी असली तरी तो भाग कोरडा, कमी पावसाचा. तिथे ज्वारी पिकते, शेंगदाणे पिकतात आणि द्राक्षंही. आता सांगा, हे सोलापूर नाही तर काय? एका बादलीत आंघोळ आणि त्याच पाण्यात कपड्यांची पहिली खळबळ, हे तिने मला शिकवलं. मेसमध्ये पहिल्या दिवशी कडक भाकरी आली तेव्हा मी नाक मुरडलं. तिने तुकडा मोडला, चावला, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘म्तामा!’ म्हणजे ज्वारी. तिच्याकडे ज्वारीच्या पिठाचा घट्ट ‘उगाली’ करतात, हाताने गोळा करून भाजीबरोबर खातात. मंडईत तिला माठाची भाजी दिसली तेव्हा तर तिने भाजीवाल्या मावशींना मिठीच मारली. त्या भाजीला तिकडे ‘म्चिचा’ म्हणतात आणि शेंगदाण्याचं कूट घालून शिजवतात. आमच्या इंडक्शनवर (मॅडम, सॉरी!) तिने माठाच्या भाजीत सोलापुरी शेंगाचटणी घातली. त्या रविवारी आख्खा मजला आमच्या रूममध्ये जेवला.

मग सुट्टीच्या दिवसांचं वेळापत्रकच ठरलं. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसायचं, भुईकोट किल्ल्याच्या बागेत चक्कर मारायची, थंडीत एखाद्या मैत्रिणीच्या शेतावर हुरडा खायला जायचं. जानेवारी २०२४ मध्ये सिद्धेश्वराची यात्रा आली. उंचच उंच नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, अक्षता सोहळ्याची गर्दी आणि मग गड्डा. पाळण्यात बसून मी किंचाळत होते आणि दादा शांतपणे वरून दिवे मोजत होती.

गड्ड्यावरच एक जण मोबाइल घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘यांचा फोटो काढू का?’ मी काही बोलायच्या आधीच दादा म्हणाली, ‘मला विचारा की!’ तो इतका दचकला की फोटो न काढताच गेला. आम्ही खूप हसलो. पण रूमवर आल्यावर ती म्हणाली, ‘रोज कुणीतरी माझ्या वेण्यांना हात लावतं. विचारून लावला तर मी हो म्हणेन.’ मी गप्प बसले. पहिल्या दिवशी मीही न विचारताच हात लावला होता.

आता जे सांगायचंय ते सांगते. इतका वेळ टाळत होते.

२०२५ च्या उन्हाळ्यात होस्टेल दुरुस्तीसाठी अडीच महिने बंद राहणार होतं. बाकी सगळ्या घरी गेल्या. आम्हा दोघींना इथेच इंटर्नशिप मिळाली होती, आणि दादाला घरी जायचं तर विमानाचं तिकीट परवडणारं नव्हतं. खोली शोधायची होती. फोन मी करायचे, कारण आता माझं मराठी बरं झालं होतं! एका काकूंनी विचारलं, ‘दोघी कुठल्या?’ मी म्हणाले, ‘मी ठाण्याची, आणि माझी मैत्रीण बाहेरची आहे.’ ‘बाहेरची म्हणजे?’ ‘लांबची आहे, काकू.’ लांबची! खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मला वाटलं, एकदा समोर जाऊ, दादाचं मराठी ऐकून त्या खूशच होतील.

आम्ही सामान घेऊनच गेलो. काकूंनी दार उघडलं, दादाकडे पाहिलं आणि मग फक्त माझ्याशी बोलल्या. ‘तू सांगितलं नाहीस. आमच्याकडे असलं चालत नाही. शेजारी काय म्हणतील?’ दादाने ‘नमस्कार काकू’ म्हणायला हात जोडले होते, ते तसेच राहिले. दार बंद झालं.

रिक्षात ती बराच वेळ काही बोलली नाही. मी काकूंना शिव्या घालत होते. मग ती म्हणाली, ‘त्यांनी नाही म्हटलं, ते मला समजलं. पण तू मला लपवलंस. पुढच्या वेळी पहिल्या वाक्यात सांग. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी फोनवरच म्हणू दे. मला दारात उभी करू नकोस.’

खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तिला वाचवतेय असं मला वाटत होतं. खरं तर मला लाज वाटत होती आणि तिला दया म्हणायचं मी शिकले होते.

दुसऱ्या दिवसापासून पहिलं वाक्य ठरलं. ‘नमस्कार, आम्ही दोघी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनी. एक ठाण्याची, एक टांझानियाची, आफ्रिकेतली.’ चार ठिकाणी फोन ठेवला गेला. पाचव्या ठिकाणी पूर्व भागातल्या एका पद्मशाली आजींनी फोन घेतला. त्या म्हणाल्या, ‘आफ्रिका असू दे, नाहीतर अमेरिका. पाणी जपून वापरता का?’

आम्ही गेलो तर आजी दारातच म्हणाल्या, ‘रा, रा!’ मला वाटलं, ‘राहा’ म्हणतायत. नंतर कळलं, तेलुगूत ‘रा’ म्हणजे ये. दोन्ही अर्थ चालले! आजींचे सासरे तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले होते. चादरी विणून घर उभं केलं. त्या म्हणाल्या, ‘आमाला तरी कुठं मराठी येत होतं? शेजारच्या बाईनं शिकवलं.’ परदेशी माणूस राहायला ठेवला की घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. तो फॉर्म मी आजींच्या वतीने भरून दिला. आजींनी विचारलं, ‘नातं काय लिवलीस?’ तसा रकानाच नव्हता.

त्याच सुट्टीत एका रविवारी आम्ही भैय्या चौकाजवळचं डॉ. कोटणीसांचं स्मारक बघायला गेलो. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० चा, सोलापूरचा. चीनवर जपानने आक्रमण केलं तेव्हा, १९३८ मध्ये, काँग्रेसने पाच भारतीय डॉक्टर तिकडे पाठवले, त्यांत हे होते. तिथे ते चिनी भाषा शिकले, युद्धातल्या जखमींवर ऑपरेशन्स केली, तिथल्याच गुओ छिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, फक्त ३२ वर्षांचे असताना, ते तिथेच गेले. चीनमध्ये आजही लोक त्यांना के दिहुआ या चिनी नावाने ओळखतात.

मी हे सगळं दादाला मोठ्या अभिमानाने सांगितलं. बघ, आमच्या सोलापूरचा माणूस! (कधी ‘आमचं’ झालं कोण जाणे.) ती फोटोंसमोर बराच वेळ उभी होती. मग तिने विचारलं, ‘ते तिथे पोचले तेव्हा त्यांना पहिले आकडे कुणी शिकवले? पाणी किती वाजता येतं ते कुणी सांगितलं?’

मला माहीत नव्हतं. पण कुणीतरी सांगितलं असणारच ना? त्याशिवाय सोलापूरचा मुलगा तिथे टिकलाच नसता.

आता आम्ही परत होस्टेलवर आहोत. दर शनिवारी आजींकडे जेवायला जातो. दादा आता ‘काय बे’ म्हणते आणि मी ‘एकोणसत्तर’ला घाबरत नाही. पुढच्या वर्षी नवीन ॲडमिशन्स होतील, तेव्हा कदाचित अजून कुणी लांबून येईल. ज्युनिअर्सनो, तुमच्या रूममध्ये आली तर एवढं करा. पहिल्या १४ दिवसांत नोंदणीला तिच्याबरोबर जा. बँकेत खातं होईपर्यंत चहाचे पैसे तुम्ही द्या, हेसाबू नंतर. पाण्याची वेळ सांगा, आपल्या घड्याळाची. वेण्यांना हात लावायचा असेल तर विचारा. आणि तिच्यासाठी कुणाला फोन कराल तेव्हा ती कुठली आहे ते पहिल्याच वाक्यात सांगा.

बाकी ज्वारीची भाकरी आहेच!