परांची

परदेशात संशोधन करणारा माणूस सुट्टीवर गावी गेला की एक प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे तू नक्की करतोस काय?" सॉफ्टवेअरवाल्यांचं बरं असतं, 'आयटीत आहे' म्हटलं की विषय संपतो आणि चहा येतो. मी 'टिश्यू इंजिनिअरिंग' म्हणालो की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर टिश्यू पेपर येतो. 'ऊती अभियांत्रिकी' म्हणालो की उरलेले निम्मेही उठून जातात. शेवटी मी एकच शब्द पकडून ठेवला आहे: परांची. इमारत बांधताना बाहेरून बांबू बांधतात ना, तशी परांची मी बनवतो, फक्त ती शरीराच्या आत लावायची असते.

उपमा कामाची आहे, पण थोडी लंगडी आहे. परांची इमारतीच्या बाहेर असते आणि काम झालं की मजूर ती सोडून नेतात. आमची परांची इमारतीच्या पोटात असते आणि ती सोडायला कोणी परत येत नाही, तिनं आपली आपणच विरघळून जायचं असतं. दोडक्याच्या वेलाचा मांडव त्यातल्या त्यात जवळचा. वेल चढला, खोड जून झालं, की मांडव हळूहळू नाहीसा होणार, असं काहीतरी.

हे लागतंच कशाला? तर पेशींना काचेच्या बशीत वाढवलं की त्या दुधावरच्या सायीसारख्या पातळ पसरतात. जाडी येत नाही. जाडी आणायची तर त्यांना धरायला काहीतरी हवं, आणि त्या 'काहीतरी'मध्ये रस्तेही हवेत. कारण रक्ताच्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपेक्षा लांब असलेल्या पेशीपर्यंत प्राणवायू नीट पोचत नाही आणि ती गुदमरून मरते. आमच्या क्षेत्राची निम्मी डोकेदुखी या एका अंतरात आहे. आकार देणं त्यामानानं सोपं आहे हो, रक्त पोचवणं कठीण.

आणि हे पुण्याच्या एका कारागिराला दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी माहीत होतं! १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता. पत्रात पेशंटचं नाव आहे, कारागिराचं नाही. (हेही आपल्याकडे नवीन नाही.) त्यानं आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून छानसं नाक घडवलं. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेनं रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. पण दोन डोळ्यांच्या मधला एक पट्टा कापला नाही, कारण रक्त तिथून येणार. जोड धरून ठेवायला पाण्यात मऊ केलेला कात, म्हणजे आपला पानातला कात, कापडाच्या पट्ट्यांवर लावून. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो पट्टा कापायचा. हे पत्र वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं लंडनमध्ये १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे वाचलं तेव्हा मला सुश्रुताच्या अभिमानापेक्षा त्या मेणाच्या पत्र्याचं जास्त अप्रूप वाटलं. आधी साचा, मग जिवंत ऊती, आणि सगळ्यांत आधी रक्ताची सोय.

सिंगापूरच्या गोष्टीतही मेणासारखाच एक पदार्थ आहे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, लाडाचं नाव पीसीएल. साधारण ६० अंशांना वितळतो, म्हणजे मेणाच्याच आसपास. लहान मुलांच्या काही थ्रीडी पेनांत हाच घालतात, कारण बोट भाजत नाही. १९३० च्या दशकात सापडलेलं हे पॉलिमर मधे बरीच वर्षं अडगळीत पडलं होतं. वैद्यकात सगळ्यांना लवकर विरघळणारे पदार्थ हवे होते, हा बाबा शरीरात दोन-तीन वर्षं घेतो. टाक्यांच्या दोऱ्यासाठी ते फारच झालं. पण हाडाला घाई नसते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये डिटमार हुटमाकर हा जर्मन इंजिनिअर आणि इथले प्राध्यापक तिओह स्वी हिन यांनी या आळशी पॉलिमरला हाताशी धरलं. तेव्हा थ्रीडी प्रिंटर हा शब्दही लोकांच्या तोंडी नव्हता. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर घालणारं अमेरिकन कंपनीचं मशीन होतं, गाड्यांचे आणि खेळण्यांचे नमुने बनवायला. या लोकांनी पीसीएलची तार स्वतःच ओढली आणि त्या मशीनला खाऊ घातली. २००२ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात आकडे आहेत: धाग्याची जाडी २६० ते ३७० मायक्रॉन, मधल्या वाटा १६० ते ७०० मायक्रॉन, आणि एकूण आकारमानाचा ४८ ते ७७ टक्के भाग नुसती पोकळी. एक थर आडवा, पुढचा ६० अंशांत फिरवून, त्यापुढचा १२० अंशांत. वरून पाहिलं की मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसतं. महत्त्वाचं म्हणजे एकही भोक आंधळं नाही. त्याआधीच्या पद्धतीत पॉलिमरमध्ये मीठ मिसळून नंतर ते पाण्यात धुऊन टाकायचे, भोकं पडायची, पण कुठली कुठे उघडते याचा भरवसा नसायचा. इथे प्रत्येक गल्ली पुढच्या गल्लीला मिळते, आणि ती किती रुंद हवी हे आधी ठरवता येतं.

२००३ मध्ये यातून ऑस्टिओपोर नावाची कंपनी निघाली, २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. (कंपनी २०१९ मध्ये शेअर बाजारात गेली, तीही ऑस्ट्रेलियाच्या. हुटमाकर २००७ मध्येच ब्रिस्बेनला गेला होता.) पहिल्या मालातली एक वस्तू म्हणजे कवटीच्या भोकाचं बूच. शर्टाच्या बटणाएवढं, वर टोपी, खाली दांडा, आणि सगळं जाळीदार.

आता हे बूच कशाला, ते मी कराडच्या मामांवरून सांगतो.

मामा ७१ वर्षांचे. न्हाणीघरात घसरून पडले, डोक्याला टेंगूळ आलं, हळद लावली, विसरून गेले. पाचेक आठवड्यांनी चालताना झोक जायला लागला, बोलताना भलतेच शब्द. मामीला वाटलं, अर्धांगाचा झटका. सीटी स्कॅनमध्ये निघालं की कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचलंय. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि लहानशा धक्क्यानंही एखादी फाटते. मग आठवडेच्या आठवडे रक्त झिरपत राहतं. उपाय तसा सोपा आणि जुना: कवटीला साधारण १४ मिलिमीटरची एकदोन भोकं पाडून ते रक्त वाहू द्यायचं. मामांना दोन पाडली. आठवड्यात मामा घरी येऊन पेपर वाचायला लागले.

भोकं मात्र राहिली. मोठ्या माणसाच्या कवटीतलं एवढं भोक आपणहून नीट भरत नाही. वरची कातडी खाली बसते आणि खळगा पडतो. पुढच्या खेपेस मी गेलो तर मामांनी माझं बोट धरून त्या खळग्यावर ठेवलं. "बघ, अत्तराचा फाया मावेल." न्हाव्याचा कंगवा तिथे अडखळतो म्हणे. मग म्हणाले, "अरे, तू तिकडे हेच बनवतोस ना? मग बुजव की."

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मामी, मामेभाऊ, शेजारचे काका. नावापुढे डॉक्टर असल्याचा हा तोटा! आणि खरं सांगायचं तर मोह झाला. नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या न्यूरोसर्जननी अशाच, म्हणजे मामांसारखंच रक्त साचलेल्या बारा पेशंटांत हे बूच बसवल्याचा निबंध २००९ मध्ये सिंगापूरच्या वैद्यकीय मासिकात आलेला आहे, तो मला जवळजवळ पाठ आहे. पण ते बूच त्याच शस्त्रक्रियेत, डोकं उघडलेलं असताना बसवतात. आता मामांची कातडी भरून आलेली, वय ७१, हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू. निव्वळ दिसण्यासाठी पुन्हा डोकं उघडायचं? मी म्हणालो, "मामा, ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना विचारा. पण माझं मत विचाराल तर करू नका."

त्यांच्या सर्जननीही तेच सांगितलं. मामा दोन दिवस घुश्श्यात होते. "म्हणजे तुझं शिक्षण आमच्या उपयोगाचं नाही." यावर काय बोलणार? जेवून घेतलं.

पण 'करू नका' म्हणणारं कोणी नसलं की काय होतं, तेही आमच्या क्षेत्रानं पाहिलंय. २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या सर्जननं प्लॅस्टिकच्या साच्यावर पेशंटच्याच मूळपेशी पेरून बनवलेली श्वासनलिका बसवली. जगभर बातम्या झाल्या. साचा जिवंत ऊती होणार, असा दावा होता. तो झाला नाही. तिथे शस्त्रक्रिया झालेले तिघेही पेशंट पुढे वारले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयानं त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. कारण तेच, मेणाचा पत्रा होता पण कपाळाचा पट्टा नव्हता. रक्त येणार कुठून?

त्याआधीही उत्साहाला तोटा नव्हता. १९९३ मध्ये लँगर आणि वकांटी यांनी 'सायन्स'मध्ये लेख लिहून या विषयाला नाव मिळवून दिलं. १९९७ मध्ये पाठीवर माणसाच्या कानाचा आकार घेऊन फिरणारा उंदीर टीव्हीवर दिसला (पेशी माणसाच्या नव्हत्या, वासराच्या होत्या, हे कोणी ऐकून घेतलं नाही). आणि २००२ मध्ये या धंद्यातल्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांनी दिवाळं काढलं. त्वचा बनवत होत्या, त्वचा बनतही होती, पण जिवंत माल टिकवायचा, पाठवायचा आणि परवडवायचा कसा, ते गणित जमेना.

त्या पार्श्वभूमीवर इथल्या बुचाकडे बघितलं की त्यातली हुशारी कळते. त्यांनी पेशी गाळूनच टाकल्या! बूच कोरडं, पाकिटात बंद, फळीवर ठेवता येणारं. पेशी पेशंटच्या हाडातून येतील, रक्त भोकाच्या कडेतून आणि खालून येईल, आपण फक्त गल्ल्या मोकळ्या ठेवायच्या. हे ऐकायला फारसं भारी वाटत नाही, बातमी तर मुळीच होत नाही. पण रुग्णालयात पोचलं ते हे. २०१७ मध्ये ब्रिस्बेनच्या प्रिन्सेस अलेक्झांड्रा रुग्णालयात एका तरुणाचा जंतुसंसर्गामुळे गेलेला नडगीच्या हाडाचा मोठा भाग अशाच जाळीनं भरला. जाळी सिंगापूरमध्ये छापलेली. तिथेही सर्जननी आधी जाळीला त्याच्याच शरीरातल्या रक्तवाहिन्यांसकटच्या ऊतीत गुंडाळून घेतलं. पुणेकर कारागिरानं मान डोलावली असती.

पुण्यावरून आठवलं, एनसीएलमध्ये रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरायचा सच्छिद्र पदार्थ बनवण्याचं काम झालं आणि त्यातून सेरिजेन नावाची कंपनी उभी राहिली. रेशीम आपल्या टाक्यांच्या दोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यामुळे मला ते जास्त घरचं वाटतं. सिंगापूरमध्ये हे कोणाला सांगितलं की ते पहिला प्रश्न विचारतात, मान्यता आहे का? कराडमध्ये पहिला प्रश्न, केवढ्याला? दोन्ही बरोबरच आहेत म्हणा.

मामांचा राग आता निवळलाय. '३डी प्रिंटरनं हृदय छापलं' असली फॉरवर्ड ते मला नेमानं पाठवतात. (ते २०१९ चं, तेल अवीवचं. सशाच्या हृदयाएवढं होतं आणि रक्त ढकलू शकत नव्हतं.) गल्लीत मात्र सांगतात, "भाचा सिंगापूरला खड्डे बुजवतो. तिकडे रस्त्यावर खड्डे नाहीत, म्हणून डोक्यातले बुजवतो."

गेल्या महिन्यात त्यांचा रात्री फोन आला. त्यांच्या बरोबर फिरायला जाणारे एक गृहस्थ असेच पडले होते, स्कॅनमध्ये तसंच रक्त, दोन दिवसांनी ऑपरेशन. "त्यांच्या मुलानं डॉक्टरला काय विचारायचं, ते नीट सांग. आधी सांग, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको." मी सांगितलं: भोकं किती आणि केवढी पाडणार, वर झाकण बसवणार का, बसवणार असाल तर हाडाचा चुरा, टायटॅनियम की आणखी कशाचं, आणि नसाल तर का नाही. मामा म्हणाले, "थांब, पेन घेतो," आणि मला चारही प्रश्न सावकाश पुन्हा सांगायला लावले.